आवडतं पोर्ट ठरवताना

प्रिय पोरी,

जहाजावरची नोकरीची फेरी संपवून, साइन ऑफ करून सुखरूप घरी पोचलीस, लई बरं वाटलं. आता नाशिकच्या कॉलेज रोडला मैत्रिणी भेटतील, दिंडोरीहून आत्या-मावश्या येतील आणि जो तो एकच विचारेल, सगळ्यात भारी कुठलं वाटलं गं? तुझा मेसेजही त्याच धर्तीचा, आई-बाबांना घेऊन परत जायचं तर कुठं जाऊ, यादी करून द्या. यादी मी देणार नाही, ती तुझी तूच कर, फक्त करताना काय बघायचं तेवढं सांगतो.

फ्रान्स-स्पेनजवळच्या बिस्केच्या खवळलेल्या समुद्रात हाडं खिळखिळी झाल्यावर जे पहिलं पोर्ट लागतं ना, ते कुठलंही असो, स्वर्गच वाटतं. पाय जमिनीला लागले, मोबाइलला रेंज आली, आईचा आवाज ऐकला, हा आनंद सुटकेचा असतो, त्यात त्या गावाचं कर्तृत्व काही नसतं. म्हणून प्रत्येक नावापुढं स्वतःला विचार, तिथं नुसतं राहायला गेले तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी काय करेन? उत्तर झटकन आलं तर नाव ठेव, आणि "फिरेन, फोटो काढेन" एवढंच सुचलं तर सरळ काट मार.

याची उलटी बाजू पण आहे. नेदरलँड्समधलं रॉटरडॅम बोअर आहे असं तू लिहिलंस, पण तू रॉटरडॅम बघितलंस कुठं? तू बघितलंस मासव्लाक्टे, समुद्रात भर टाकून केलेलं टर्मिनल, नुसत्या क्रेन आणि कंटेनर, तिथून शहर चाळीसेक किलोमीटर लांब, आणि कंटेनर जहाज पोर्टात थांबतं किती, त्यात तुझा वॉच, म्हणजे ड्यूटीची पाळी. मे १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्या शहराचा मधला भाग जवळजवळ सगळा गेला, नंतर त्यांनी जुन्याची नक्कल करत न बसता नवंच शहर उभं केलं, मास नदीवरचा उंच पांढरा इरास्मस पूल, घोड्याच्या नालेसारख्या कमानीखालचा मोठा बाजार, हे सगळं तुझं बघायचं राहिलंय. बघितलं नाही त्याला नावडतं म्हणू नकोस.

आणि डेकवरून बघितलेलं धरायचं का, तर धरायचं, बिनधास्त. सुएझमधून जाताना एका बाजूला सिनाईची कोरडी वाळू आणि दुसऱ्या बाजूला नाईलच्या पाण्यावरची हिरवी शेतं, हे जितकं चांगलं जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या उंच खोलीतून दिसतं तितकं काठावरून दिसत नाही. इस्तंबूलची बॉस्फरस सामुद्रधुनी तर अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर, एवढं मोठं जहाज शहराच्या मधून वळणं घेत चाललेलं, आडव्या फेऱ्या मारणाऱ्या फेरीबोटी आणि काठावरच्या घरांच्या खिडक्यांत चहाचे छोटे ग्लास. तिथं परत गेलीस तर त्याच फेरीत बसून युरोपातून आशियात जायचं आणि तुझ्यासारखी जहाजं खालून बघायची, बघ, दुसऱ्या दिवसाची सकाळ लगेच ठरली.

माझ्या स्वतःच्या यादीत दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन कायम वर राहिलंय. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या आपल्या लोकांची नातवंडं-पतवंडं तिथं आहेत, पाव पोखरून त्यात मटणाचा रस्सा भरून देतात, त्याला बनी चाऊ म्हणतात, आणि मसाल्याच्या दुकानात शिरलं की आपल्या रविवार कारंज्याजवळ आल्यासारखं वाटतं. पण हे माझं झालं, तू ते उचलू नकोस.

आठवण ताजी आहे तोवर या आठवड्यातच वहीत लिहून काढ, फोटो न बघता, जे आपोआप आठवेल तेच खरं.

आता बाबांचं. मला विचारशील तर त्यांना रॉटरडॅमलाच ने. त्यांच्या बागेतली द्राक्षं न्हावाशेवाहून रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये तिकडंच जातात आणि माल उतरतो कुठं ते या माणसानं आयुष्यात बघितलेलं नाही. एप्रिलची खरड छाटणी उरकून कामं जरा हलकी झाली की निघायचं आणि ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीच्या आत परत यायचं. यावेळी जहाजावरच्या लोकांना बंदरात उतरायला मिळतो तो शोअर पास चालणार नाही, तिघांनाही युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा शेंगेन व्हिसा लागेल, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते, तेव्हा रविवारी बाबांना घेऊन घरी ये, पासपोर्ट सोबत आण, तारखा बसवून टाकू.

तुझा,
काका