गार्लिक बटरमध्ये लॉबस्टर टेल केले तर लसूण करपला आणि मांस वातड झालं. नेमकं काय चुकलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार फ्रोझन शेपट्या पाऊण तास ओट्यावर ठेवल्या, हाताला मऊ लागल्या म्हणून कवच कापलं, बटरमध्ये कच्चा लसूण कालवून वर घातला आणि ओव्हनच्या ग्रिलखाली ठेवल्या. दहा मिनिटांत लसूण काळा पडला, कडा आवळल्या, मधोमध मात्र मांस काचेसारखं कच्चं. परत आत ठेवल्या तर सगळंच वातड झालं. आणखी चार शेपट्या फ्रीजरमध्ये आहेत, त्या परवा पाहुण्यांसाठी करायच्या आहेत.

तुम्ही लसणाला दोष देताय, ओव्हनला दोष देताय. मला वाटतं घोळ ग्रिल पेटवायच्या आधीच झाला होता. शेपट्या आतून गोठलेल्या होत्या. बाहेरून मऊ लागणं म्हणजे सुटणं, म्हणजे आतला बर्फ पूर्ण वितळणं, नव्हे. कवच जाड असतं, मांस गच्च असतं, आणि बर्फ सर्वात शेवटी वितळतो तो नेमका मधला. असा तुकडा ग्रिलखाली गेला की वरची उष्णता आधी तो बर्फ वितळवण्यात खर्च होते. तोवर कडा शिजून पुढे निघून जातात. मधलं कच्चं दिसतं म्हणून आपण अजून पाच मिनिटं ठेवतो, आणि त्या जादा पाच मिनिटांत लसूण कोळसा होतो. शेपटी पूर्ण सुटलेली असती तर सहा-सात मिनिटांत काम उरकलं असतं. लसूण तेव्हाही थोडा करपला असता, त्याबद्दल खाली लिहितो.

सुटवायचं कसं? फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत, निदान दहा-बारा तास. घाई असेल तर पाणी आत शिरणार नाही अशा बंद पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. मध्यम आकाराला तासभर पुरतो. गरम पाणी आणि मायक्रोवेव्ह दोन्ही नकोत, कडा तिथेच शिजायला लागतात. ओट्यावर उघडी ठेवणंही नको, कारण आत बर्फ असताना बाहेरचा थर उबदार होऊन जंतूंची सोय होते. झाली की नाही हे बघायला शेपटी उलटी करा. पोटाकडे कवच नसतं, पातळ पापुद्रा असतो. त्यावरून सर्वात जाड जागी अंगठ्याने दाबा. आत गाठ किंवा कडकपणा लागला तर थांबा. शेपटी दोन्ही हातांत धरून दुमडली की सहज मिटायला हवी.

यानंतर एक काम बहुतेक जण गाळतात: कापडाने किंवा टिश्यूने नीट टिपून कोरडी करणं. फ्रोझन शेपटीवर बर्फाचा थर असतो, आणि काही वेळा माल पाणी धरून राहावा म्हणून फॉस्फेटच्या द्रावणात बुडवलेला असतो. पाकिटावर घटकांत ते लिहिलेलं असतं, वाचून बघा. असं मांस शिजताना भरपूर पाणी सोडतं, मग वरचं बटर वाहून जातं आणि भाजण्याऐवजी उकडल्यासारखं होतं. अशा मालाला आधीच थोडी खारट चव असू शकते, म्हणून मीठ शेवटी चाखून घाला.

कापणं. स्वयंपाकघरातली चांगली कात्री लागते, सुरीने हे करायला जाऊ नका. जाड कापडात शेपटी धरा, कारण नांग्या नसलेल्या काटेरी शेवंडीच्या कवचाच्या कडा हात कापतात. वेगळ्या शेपट्या म्हणून जे विकलं जातं त्यात ही जात पुष्कळ असते. पाठीवरून, मधोमध, जाड टोकाकडून पंख्यासारख्या शेवटापर्यंत फक्त कवच कापत जा. कात्रीचं खालचं पातं कवचाच्या आतल्या बाजूला घासत न्यायचं, म्हणजे मांसात कमी घुसतं. पंखा तसाच ठेवा. मग दोन्ही बाजूंनी कवच हलकेच फाकवा आणि अंगठा मांस व कवच यांच्यामध्ये सरकवत मांस सोडवा. शेवटाला, पंख्याजवळ, ते चिकटलेलंच राहू द्या. कोळंबीत असतो तसा काळा दोरा इथेही पाठीत असतो, तो ओढून काढा. आता मांस वर उचलून मिटलेल्या कवचावर ठेवलं की हॉटेलात दिसतो तसा तो फुगीर आकार येतो.

खरं सांगायचं तर तो आकार मुख्यतः दिसण्यासाठी आहे. वर उचललेलं मांस चारही बाजूंनी उघडं पडतं आणि ग्रिलच्या जवळ जातं, त्यामुळे चूक व्हायला वेळ लागत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला मी सांगतो की शेपटी सरळ उभी चिरून दोन फाका करा. मांस कवचाच्या होडीत राहतं, बटर खाली सांडत नाही, शिजतंही एकसारखं. परवा पाहुणे आहेत म्हणून तुम्हाला फोटोतल्यासारखंच हवं असेल तर ठीक, पण मग ग्रिलसमोरून हलू नका.

आता बटर आणि लसूण. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, १६ ते १८ टक्के पाणी, आणि उरलेले दुधाचे घट्ट कण. पॅनमध्ये ते वितळलं की फेस येतो आणि चुरचुर आवाज होतो. तो पाण्याचा आवाज आहे. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फार पुढे जात नाही, आणि लसूण त्यात सुखाने मुरतो. आवाज मंदावला की पाणी संपलं. त्याच क्षणापासून तापमान झपाट्याने चढतं, दुधाचे कण तांबूस होतात आणि बारीक लसूण मिनिटभरात कडू होतो. म्हणून कान देऊन करा. १०० ग्रॅम बटर अगदी मंद आचेवर वितळवा, पाच-सहा पाकळ्या ठेचून घाला, आवाज चालू असतानाच दीड-दोन मिनिटांत गॅस बंद. लसूण ठेचून पाचेक मिनिटं तसाच ठेवलात तर वास जास्त उमलतो, कारण पाकळी फुटल्यावर तिच्यातली द्रव्यं एकमेकांत मिसळून मगच तो झणझणीत वास तयार होतो. बटरमध्ये गेल्यावर त्याचा तिखटपणा उतरतो आणि गोडसरपणा राहतो.

यानंतर हे बटर बारीक गाळणीने गाळून दोन वाट्यांत घ्या. एका वाटीत गाळलेलं, लसणाच्या वासाचं पण लसूण नसलेलं. ते ग्रिलखाली जाण्याआधी मांसाला लावायचं. दुसरीत उरलेलं बटर, गाळणीतला लसूण, दोन चमचे लिंबाचा रस, बारीक चिरलेली पार्सली, हवी तर चिमूटभर लाल तिखट किंवा पॅप्रिका. ती शेपटी ओव्हनबाहेर आल्यावर वरून ओतायची. म्हणजे लसणाचा एकही तुकडा ग्रिलच्या तापलेल्या कॉइलखाली जात नाही, मग करपणार काय? तुमच्या पद्धतीत कच्चा लसूण थेट कॉइलखाली गेला. शेपटी नीट सुटलेली असती तरी काही तुकडे काळे झालेच असते.

लिंबाचा रस आधी मांसाला चोळून ठेवू नका. आंबटपणाने वरचा थर शिजल्यासारखा पांढरा होतो. चव बिघडते ते एक, आणि मांस झालं की नाही हे रंगावरून ओळखायची सोयही जाते.

ओव्हनमध्ये ग्रिल आधी दहा मिनिटं तापवा. ट्रे वरच्या कॉइलपासून बारा ते पंधरा सेंटीमीटर खाली. ट्रे धातूचाच घ्या. काचेच्या ट्रेवर मी एकदा ग्रिल चालू असताना गार लिंबू-बटर ओतलं, ट्रे तडकला, आणि तेवढ्या महागड्या शेपट्या काचांसकट फेकाव्या लागल्या. वेळेचा ढोबळ हिशेब असा की दर ३० ग्रॅमला सव्वा ते दीड मिनिट. १४० ग्रॅमच्या शेपटीला सहा-सात मिनिटं, चिरलेल्या फाकांना त्याहून कमी. चौथ्या मिनिटापासून बघायला लागा.

बघायचं काय? कवचाचा रंग अजिबात नाही. पहिल्यांदा मी लालभडक कवच बघून खुशीत शेपट्या टेबलावर नेल्या, पाहुण्याने काटा घातला आणि आत पारदर्शक. कवचात ॲस्टाझँथिन नावाचं तांबडं रंगद्रव्य मुळातच असतं. जिवंतपणी ते एका प्रथिनाला चिकटलेलं असल्यामुळे निळसर-काळपट दिसतं. उष्णतेने ते प्रथिन विस्कटलं की लाल उघडं पडतं, आणि उष्णता कवचाला आधी लागते. म्हणून लाली आतलं काहीच सांगत नाही.

मांस बघा. कच्चं असताना करडं आणि काचेसारखं, झालं की दुधाळ पांढरं आणि अपारदर्शक. घरात टोचायचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटला: सर्वात जाड भागात ६०-६१ अंश सेल्सिअस दिसले की बाहेर काढा आणि तीन-चार मिनिटं झाकून ठेवा. आतली उष्णता पुढचे दोन-तीन अंश स्वतःच चढवते. अन्नसुरक्षेच्या मार्गदर्शनात सीफूडसाठी ६३ अंश सांगतात, तिथे ते पोचतं. टेबलावर नेण्याआधी पुन्हा एकदा टोचून खात्री करा, आणि गर्भवती किंवा आजारी कुणी जेवणार असेल तर ६३ ओव्हनमध्येच दिसू दे. पण ७० च्या पुढे गेलात की स्नायूंचे तंतू आवळून आतलं पाणी पिळून काढतात. तोच तो रबर. मटणासारखं पुढे शिजवत राहिलं की मऊ पडेल अशी आशा ठेवू नका. मटणातला चिवट भाग हळूहळू विरघळतो. लॉबस्टरच्या मांसात तसं विरघळण्यासारखं फारसं काही नसतं, ते कोरडंच होत जातं.

ओव्हनच नको असेल तर उभ्या चिरलेल्या फाका जाड तव्यावर मांसाची बाजू खाली करून दीड मिनिट भाजा, उलटवा, गाळलेलं बटर घाला, झाकण ठेवून तीनेक मिनिटं. हेही उत्तम होतं. वाफवलेली शेपटी सर्वात सोपी, मध्यम आकाराला सहा ते आठ मिनिटं, फक्त खरपूस चव येत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात नाही. सगळं बरोबर करूनही मांस वातड न होता उलट भुसभुशीत, पिठाळ निघालं तर तो माल तसा आहे. प्राणी मेल्यावर डोक्याकडच्या भागातली पाचक द्रव्यं शेपटीच्या मांसात उतरतात आणि ते आतून सैल करतात. शेपटी वेळेवर वेगळी करून गोठवली नाही की असं होतं. कोणतंही बटर ते दुरुस्त करत नाही. सुटल्यावर अमोनियासारखा उग्र वास आला तर चाखूनसुद्धा बघू नका, टाकून द्या. पाहुण्यांना कवचाच्या माशांची ॲलर्जी नाही ना हे आधी विचारा. ती ज्या प्रथिनामुळे होते ते शिजवल्याने नाहीसं होत नाही.

आधीच्या वातड शेपट्या अजून फ्रीजमध्ये असतील तर परत गरम करू नका. आडव्या पातळ चकत्या करा, थोडं मेयोनेझ, लिंबू, मिरपूड, आणि पावात घाला. आडवं कापलं की तंतू आखूड होतात, दाताला कमी लागतात. कवचं ठेवली असतील तर ती फोडून थोड्या बटरमध्ये अगदी मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा आणि गाळा. तोच तांबडा रंग स्निग्धांशात उतरतो, बटर केशरी होतं आणि समुद्राचा वास धरतं. परवाच्या दुसऱ्या वाटीत ते चमचाभर घातलंत तर पाहुणे नक्की विचारतील काय घातलंय.

आणि उद्या रात्री झोपण्यापूर्वी शेपट्या फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. ताटलीत ठेवा, पाणी सुटतं.