'कोविडमध्ये शाळा बंद होत्या, शिक्षक घरी बसून पगार घेत होते. मग पालक चिडले तर चुकलं कुठे?' असा तुमचा प्रश्न आहे.

तुम्ही लिहिलंय की त्या दोन वर्षांत फीवरून शाळेशी वाद झाला, मुलाच्या वर्गशिक्षिकेला तुम्ही 'फुकटचा पगार खाता' असं ग्रुपवर सुनावलंत, आणि आता धाकटी मुलगी त्याच मॅडमच्या वर्गात आलीय. समोर जायला अवघड वाटतंय, संबंध कसे सुधारायचे, हाही प्रश्न तुम्ही खाली जोडलाय.

शिक्षक म्हणजे एकच जमात आणि सगळ्यांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, असं धरून तुम्ही बोललात. चुकलं ते तिथे. तुमची शाळा विनाअनुदानित आहे असं तुम्हीच लिहिलंय. विनाअनुदानित शाळेत फी आली तर पगार. फी अडली की पहिली कात्री लागते ती शिक्षकाच्या पगाराला. इमारतीच्या भाड्याला आणि बँकेच्या हप्त्याला नंतर. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या वर्षी मी इचलकरंजीत एका विनाअनुदानित शाळेत चौथीला शिकवत होते. पगार अकरा हजार. जून २०२० पासून हातात यायचे साडेपाच, तेही महिना उलटून गेल्यावर.

आमच्या वर्गातले निम्म्याहून जास्त पालक यंत्रमागाशी बांधलेले. कुणी खर्चीवाला, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग स्वतःचे आणि मिळते ती मजुरी. कुणी कांडीवर, म्हणजे सूत कांड्यांवर भरायला, कुणी सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायला. मार्च २०२० मध्ये माग थांबले, यूपी-बिहारचे कामगार गावाकडे गेले, आणि पुढे परवानगी मिळाली तरी माग चालवायला माणूस नव्हता. ज्या गावात दिवसरात्र खडखडाट चालतो तिथे इतकी शांतता होती की शेजारच्या गल्लीतला कुकर ऐकू यायचा. अशा घरात फी मागायची कशी? मला कळत होतं. पण मागावी मलाच लागत होती.

कटुता आली ती विषाणूमुळे नाही आणि ऑनलाइन शिकवण्यामुळेही नाही. फी मागायचं काम संस्थांनी वर्गशिक्षकांच्या गळ्यात घातलं, तिथून ती सुरू झाली. आधी फीचा विषय ऑफिसातल्या खिडकीपाशी संपायचा. पालक क्लार्कशी भांडायचे आणि बाहेर येऊन माझ्याशी मुलीच्या अक्षराबद्दल बोलायचे. २०२० मध्ये ती खिडकी बंद झाली. मला यादी मिळाली, रोज संध्याकाळी फोन करायचे, कोण कधी भरणार ते वहीत लिहायचं आणि मुख्याध्यापकांना पाठवायचं. सकाळी ज्या आवाजात मी अपूर्णांक शिकवायचे, त्याच आवाजात संध्याकाळी त्याच घरी वसुली. पालकांनी कुठला आवाज लक्षात ठेवायचा?

त्यात कागदांचा गोंधळ. ८ मे २०२० ला शासननिर्णय निघाला: या वर्षी फीवाढ करू नका, एकरकमी मागू नका, हप्ते द्या. जूनअखेर उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे पालकांच्या फोनमध्ये शासननिर्णयाची पीडीएफ आणि संस्थेच्या फोनमध्ये स्थगितीची बातमी. दोघेही ती मलाच पाठवत होते. पंधरा टक्के फीकपातीचा निर्णय आला १२ ऑगस्ट २०२१ ला. तोवर एक अख्खं शैक्षणिक वर्ष भांडणात निघून गेलं होतं.

आता माझ्यावर काय गुदरलं ते सांगते, कारण तुमचं ते 'फुकटचा पगार' वाचून मला रात्री झोप लागली नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, वडील खर्चीवाले, आठ माग. मुलगी हुशार, पाढे असे म्हणायची की मध्ये श्वास घेत नसे. दिवाळीनंतर ऑफिसातून आदेश आला की ज्यांनी फी अजिबात भरलेली नाही त्यांच्या मुलांना मीटमध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्गात, घ्यायचं नाही. लिंक ऑफिसातूनच जायची, यादीतली काही नावं कमी झाली, त्यात तिचंही. मी त्या मुलांना रोजचा अभ्यास माझ्या स्वतःच्या नंबरवरून वेगळा पाठवत होते आणि संध्याकाळी फोन करून समजावत होते. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर तेही बंद झालं असतं.

तिच्या वडिलांना एवढंच दिसलं की मुलगी आदल्या दिवशीपर्यंत वर्गात होती आणि आज नाही. त्यांना वाटलं मॅडमनी काढली. त्या रात्री पालकांच्या ग्रुपवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला. शब्द अजून कानात आहेत: "काय मॅडम, घरात बसून पगार घेताय न्हवं? आमचं माग बंद हाईत आन् तुमचा महिना चालू हाय. लाज वाटूंदे जरा." त्याखाली अंगठे पडायला लागले. ज्यांच्या मुलांना मी बालवाडीपासून ओळखते त्यांचेही.

माझा फोन त्या वेळी कुठे असायचा माहितीये? स्वयंपाकघरात, स्टुलावर तांदळाचा डबा, डब्याला टेकवून फोन, मागे भिंतीवर चुन्याचा पांढरा पट्टा रंगवून घेतलेला फळा. खोली एकच होती जिथे रेंज यायची. डेटा पॅक माझ्या पैशाचा. नवऱ्याचं दुकान बंद. सासूबाईंना दम्याचा त्रास, त्यामुळे फोडणी द्यायची ती वर्गाआधी किंवा वर्गानंतर.

मी उत्तर टाइप केलं नाही. पासबुक काढलं, जून ते नोव्हेंबरच्या नोंदींचं पान फोटोत घेतलं आणि ग्रुपवर टाकलं. साडेपाच, साडेपाच, एक महिना काहीच नाही, पुन्हा साडेपाच. खाली एक ओळ लिहिली: "दादा, हा माझा चालू महिना."

ग्रुप गप्प झाला. एकेक करून अंगठ्यांचे मेसेज डिलीट झाले, ते व्हॉट्सअ‍ॅपवर दिसतं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन: संस्थेची बदनामी केलीत, लेखी खुलासा द्या. मी खुलासा दिला नाही. माझं पासबुक माझं आहे. वर्ष संपल्यावर मला पुढच्या वर्षाचं पत्र मिळालं नाही, ते अपेक्षितच होतं.

पण मुलीच्या वडिलांचा फोन त्या रात्रीच आला होता, साडेदहाच्या पुढे. आवाज खाली आलेला. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही आणि मला ती नकोच होती. ते म्हणाले, "मग मॅडम, ज्यांनी फी भरली त्यांची फी गेली कुठं?" नऊ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नेमका प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, दादा, हेच संस्थेला लेखी विचारा. ते म्हणाले, तुम्ही आत आहात, तुम्ही विचारा. यावर आमचं जे अडलं ते आजपर्यंत सुटलेलं नाही. बाजारात भेटले तरी ते म्हणतात, मॅडम, तुम्ही पासबुक दाखवलंत, हिशेब नाही दाखवलात. मी त्यांना सांगते, हिशेब बघायचा हक्क मला नव्हता, तुम्हाला होता. त्याकडे पुढे येते.

त्यांनी जून २०२१ मध्ये मुलीला नगरपालिकेच्या शाळेत घातलं. आधीच्या शाळेने दाखला अडवला होता, पण दाखल्याशिवाय प्रवेश द्या असं सरकारने सांगितलं होतं, म्हणून निभावलं. हे एका घराचं झालं नाही. देशभर ग्रामीण भागात सरकारी शाळांमधल्या मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होतं, ते २०२२ च्या 'असर' अहवालात, म्हणजे 'प्रथम' संस्थेच्या शैक्षणिक पाहणीत, ७२.९ टक्के झालं.

आता दुसरी बाजू, कारण माझी ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, जत तालुक्यात. तिला पूर्ण पगार होता, उशिरा का होईना. पण ती घरी बसली नव्हती. आधी तपासणी नाक्यावर ड्यूटी, मग रेशन दुकानावर, मग सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं सर्वेक्षण, हातात थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन वस्ती-वस्तीवर. तेव्हा आपल्याकडे लस आली नव्हती. तिच्या गावातले पालक तिच्यावर चिडले ते वेगळ्याच कारणाने: शाळा उघडा म्हणून. ऊसतोडीला जाणारी माणसं. शाळा चालू असेल तर पोरं आजीपाशी ठेवून जाता येतं, शाळा बंद म्हटल्यावर पोरं फडावर. एका बाईने तिला तोंडावर विचारलं, बाई, तुमी दारोदार फिरताय तवा रोग लागत न्हाई, आन् वर्गात बसलं की लागतोय व्हय? ताईकडे याला उत्तर नव्हतं. कुणाकडेच नव्हतं.

शहरात उलट. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावी उघडायची ठरली तेव्हा शिक्षक आरटीपीसीआरच्या रांगेत उभे राहिले, आणि संमतीपत्रावर सही करायला बरेच पालक तयार नव्हते. मग त्याच पालकांतले काही म्हणायचे, शिक्षकांनाच शाळा उघडायची नाही. शाळा कधी उघडायची हे ना मी ठरवत होते, ना ताई, ना तुम्ही. ते मंत्रालयात, जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पालिकेत ठरत होतं.

आणि जे ठरलं ते वाईट ठरलं, हे मी कुणाचीही भीड न ठेवता म्हणते. हॉटेल आणि बार ऑक्टोबर २०२० मध्ये उघडले. शहरातली पहिली ते चौथीची मुलं वर्गात आली डिसेंबर २०२१ मध्ये, आणि ओमायक्रॉनमुळे जानेवारीत पुन्हा घरी. ज्यांना शाळेची सगळ्यात जास्त गरज ती सगळ्यात शेवटी. पहिल्या लाटेच्या भीतीत मार्च ते दिवाळी बंद ठेवलं हे मला मान्य आहे, दुसऱ्या लाटेत कोल्हापूर जिल्ह्याने जे पाहिलं त्यानंतर त्या महिन्यांबद्दलही मी बोलणार नाही. पण मधले महिने लहान मुलांचे वाया घालवले.

त्याचा परिणाम मी नंतर शिकवणीत बघितला. सहावीतला मुलगा, फळ्यावरची ओळ वहीत उतरवताना प्रत्येक शब्दाला मान वर करायचा, कारण अख्खा शब्द डोक्यात धरून ठेवायची सवयच गेली होती. वजाबाकीत हातचा घेतला तर तो कुठे खोडायचा ते माहीत नाही. वरचा-खालचा न बघता मोठ्या आकड्यातून लहान सरळ वजा करायचा. 'असर'मध्ये पाचवीतली दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ ला ५०.५ टक्के होती, २०२२ ला ४२.८. आकडा मोठा वाटत नाही. त्या आकड्यातलं एक पोर समोर बसलं की वाटतो.

काही शिक्षकांनी खरोखरच काही केलं नाही, हेही लिहायला हवं. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या सरकारी उपक्रमाच्या अभ्यासाच्या लिंका रोज पुढे ढकलल्या, सहीला हजर आणि दिवस संपला. माझ्याच स्टाफरूममध्ये असे होते. तुमच्या मुलाच्या मॅडम त्यांतल्या होत्या की नव्हत्या, ते मला इथून सांगता येणार नाही. आणि सगळ्या संस्था आमच्यासारख्या नव्हत्या. फी न घेता मुलांना वर्गात ठेवणाऱ्या आणि तरी पगार देणाऱ्याही होत्या, त्यांनी कर्ज काढून ते केलं.

संबंध कसे सुधारायचे, याचं उत्तर छोटं आहे. भेटा, मुलीबद्दल बोला, जुन्या मेसेजचा विषय आपण होऊन एकदा काढा आणि सरळ विचारा की मॅडम, तुम्हाला त्या वर्षी पगार किती मिळाला होता. बहुतेक त्या सांगतील. आजवर त्यांना हे कुणी विचारलेलं नसेल.

आणि आता ते हक्काचं. २०११ चा फी विनियमन कायदा आहे. प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असायलाच हवी. इयत्तेगणिक एक पालक, एक शिक्षक. इच्छुक पालकांतून सोडतीने नावं निघतात. फीचा प्रस्ताव संस्थेला या समितीपुढे वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी ठेवावा लागतो, खर्चाच्या तपशिलासकट. आमच्या शाळेत ही समिती कागदावर होती, सह्या घरपोच व्हायच्या. त्या खर्चीवाल्या दादांचं नावही एका वर्षी सोडतीत निघालं होतं. ते एकाही बैठकीला आले नाहीत, मागाचा सीझन होता. मी बाजारात त्यांना हेच सांगते आणि ते विषय बदलतात. नंतर ग्रुपवर ओरडून उपयोग नसतो, कारण २०१८ च्या दुरुस्तीनंतर एकट्या पालकाची तक्रार विभागीय शुल्क नियामक समितीपुढे टिकत नाही, पंचवीस टक्के पालक एकत्र यावे लागतात. आमच्या वर्गात चार पालक एकत्र येत नव्हते.

तर जूनमध्ये सोडतीसाठी नाव द्या. निघालं तर बैठकीला जा. प्रस्ताव हातात आला की पगाराचं पान उघडा, आणि मुलीच्या मॅडमच्या नावापुढे जो आकडा लिहिलाय तोच त्यांच्या खात्यात येतो का, हे त्यांच्यासमोर संस्थेला विचारा.