तुरटी फिरवली की पाण्यातला गाळ खाली का बसतो? तुरटी जड असते म्हणून का?

नाही हो, तुरटीच्या वजनाचा काही संबंध नाही, सगळा खेळ प्लस-मायनसचा, म्हणजे विजेच्या चार्जचा आहे. मी जलशुद्धीकरण केंद्राच्या लॅबमध्ये काम करते, पावसाळ्यात हे रोज बघते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गढूळ पाण्यातले चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात आणि त्यांच्यावर मायनस चार्ज असतो. सगळ्यांवरच मायनस, मग जवळ आले की एकमेकांना ढकलतात, त्यात एकेकटा कण इतका हलका की हंडा रात्रभर झाकून ठेवला तरी सकाळी पाणी चहासारखंच. तुरटी विरघळली की ॲल्युमिनियमचे आयन, म्हणजे चार्ज असलेले कण, सुटतात, प्रत्येकावर तीन प्लस, ते या मायनसकडे खेचले जातात, ढकलाढकली थांबते आणि कण एकमेकांना चिकटायला लागतात. मिठानेही हे होतं, पण सोडियमवर एकच प्लस, त्यामुळे मीठ शेकडो पट जास्त लागतं. शिवाय ॲल्युमिनियमचा जेलीसारखा हायड्रॉक्साइड तयार होतो, तो उरलासुरला गाळ गोळा करत खाली जातो.

आम्ही रोज जार टेस्ट करतो, म्हणजे सहा जारमध्ये तेच पाणी, प्रत्येकात तुरटीचा डोस वेगळा, आधी पंखे जोरात फिरवायचे मग अगदी हळू. हळू फिरताना पाण्यात आधी धुकं दिसतं, मग टाचणीच्या डोक्याएवढे कापसासारखे पुंजके होतात, आणि पंखे थांबले की ते अलगद खाली उतरतात. आणि हे नीट लक्षात घ्या, जास्त तुरटी म्हणजे जास्त स्वच्छ असं अजिबात नाही! डोस फार झाला तर कणांवर उलट प्लस चढतो, ते परत एकमेकांना ढकलतात आणि पाणी पुन्हा गढूळ राहू शकतं. म्हणून घरी पाच-सहा वेळा फिरवून तुरटी बाहेर काढायची, गाळ बसला की वरचं पाणी निथळून घ्यायचं आणि उकळायचंच, कारण तुरटीने सगळे जंतू मरत नाहीत.

दुधातही हेच चालतं बरं का. केसिन या प्रोटीनच्या गोळ्यांवर मायनस चार्ज असतो म्हणून ते दुधात सुटे तरंगतात, आपण लिंबू पिळलं की त्यातला प्लस हायड्रोजन तो मायनस खाऊन टाकतो, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट) 4.6 च्या आसपास आला की चार्ज जवळपास शून्य, आणि दूध फाटतं. विरजणात तेच काम बॅक्टेरियाचं लॅक्टिक ॲसिड करतं, फक्त सावकाश, म्हणून तिथे चोथा न होता दही लागतं.