फायबरच्या बोटीच्या तळाला चिकटलेले शिंपले आणि पिवळे डाग कसे काढायचे? ॲसिड वापरलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की अलिबागकडून जुनी अठरा फुटी फायबरची बोट घेतली आहे, मेअखेरीस ती पाण्याबाहेर काढून ट्रकने दाभोळला आणायची आहे. तळाला पांढरे टणक शिंपले, त्यांच्या आजूबाजूला हिरवं शेवाळ, पाण्याच्या रेषेवर पिवळट तपकिरी पट्टा. आणि कुणीतरी सांगितलं की संडास धुवायचं ॲसिड ओता, सगळं निघून जाईल.

आधी ॲसिडचं सांगतो. ओतू नका. का ते पुढे येईलच, पण तुमची बोट अजून पाण्यात आहे म्हणता, तर त्याहून महत्त्वाची गोष्ट आत्ता सांगायला हवी: बोट ज्या दिवशी वर काढाल त्याच दिवशी, तळ ओला असतानाच घासायला घ्या. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. ओला तळ दोन माणसं अर्ध्या दिवसात साफ करतात. तोच तळ मे महिन्याच्या उन्हात चार दिवस वाळला की आठवडा खातो, वर फायबरचं नुकसान होतं ते वेगळंच.

हे मी सोसलंय. आमच्या घरी लाकडी होड्या होत्या, फायबरची पहिली बोट मी घेतली. पहिल्याच वर्षी ती वर ओढली आणि घरात लग्न निघालं. आठ-नऊ दिवस तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. गेलो तेव्हा शेवाळाचा पापड होऊन तो तळाला घट्ट बसला होता आणि शिंपले सिमेंटसारखे झाले होते. लाकडी होडीच्या सवयीने मी पटाशी घेतली. शिंपला निघायचा, पण त्याच्याबरोबर वरच्या थराचा, म्हणजे जेलकोटचा, नखाएवढा टवका यायचा. जेलकोट असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो गेला की आतल्या काचेच्या जाळीत पाणी शिरतं आणि पुढे फोड येतात. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ते टवके बुजवण्यात माझा अख्खा जुलै गेला.

तर आधी तळाला काय काय चिकटलंय ते नीट ओळखा, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

सगळ्यात वर बुळबुळीत साय आणि शेवाळ असतं. बोट पाण्यात गेल्यावर काही तासांतच तिच्यावर न दिसणारा थर धरतो, त्यावर जिवाणू आणि सूक्ष्म शैवाल येतं, मग हिरवी दाढी. ओली असताना ही साय नारळाच्या सोडणाने निघते. खरंच, ब्रशपेक्षा सोडण बरं. हातात नीट बसतं, ओरखडा पडत नाही आणि आपल्याकडे पैशापासरी मिळतं. गोडं पाणी वापरा. प्रेशरचा पाइप मिळाला तर उत्तम, पण नोझल तळापासून फूटभर लांब आणि तिरकं धरा. सरळ जवळून मारलं तर जुना रंग आणि जेलकोटचे कमजोर तुकडे उडतात.

त्याखालचे पांढरे टणक सुळके, ज्यांना तुम्ही शिंपले म्हणता, ते बहुतेक बार्नॅकल असणार. दिसायला शिंपल्यासारखा, पण हा प्राणी नात्याने कोळंबी-कुर्ल्यांचा. पिल्लू असताना पाण्यात पोहत असतं. शेवटच्या अवस्थेत ते खाणंपिणं सोडून फक्त जागा शोधतं, सापडली की डोकं खाली करून स्वतःला चिकटवून घेतं, भोवती चुन्याचं घर बांधतं आणि पुढचं सगळं आयुष्य पाय हलवून पाण्यातलं अन्न पकडत काढतं. ही माहिती उगाच देत नाही. ते पिल्लू जागा निवडतं तेव्हा आपल्या जातीचे आधी कुठे बसलेत याचा माग घेतं. जुन्या बार्नॅकलच्या उरलेल्या खुणाही त्याला पुरतात. म्हणून वरचा सुळका उडवला आणि खाली रुपयाएवढी पांढरी चकती तशीच राहिली, तर काम झालेलं नाही. ती चकती पुढच्या बार्नॅकलला आमंत्रण आहे, आणि तिच्यावर रंगही धरत नाही.

सुळके काढायला लोखंडी पत्रा किंवा पटाशी नको. प्लॅस्टिकचं खरडणं घ्या किंवा फणसाच्या, सागाच्या फळीची कड पाचरीसारखी तासून घ्या. तळाशी जवळजवळ समांतर धरून बाजूने ढकला, समोरून ठोकू नका. ओला बार्नॅकल ‘कट्’ असा आवाज करून सुटतो. हात बसला की आवाजावरूनच कळतं, मुळासकट आला की अर्धा तुटला. नंतर डोळे मिटून तळावरून बोटं फिरवा. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना लागतं.

उरलेल्या चकत्यांसाठी माझी पसंती वॉटर पेपरला. १२० नंबरचा घ्या, पाणी मारत मारत घासा. इथेच लोक ॲसिड आणतात. चकती चुन्याची असते, त्यामुळे हायड्रोक्लोरिक ॲसिडने ती फेसाळून विरघळते हे खरं आहे. पण ते ओघळून इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पायावर, बोल्टवर, इंजिनाचा धातू वाचवायला लावलेल्या जस्ताच्या तुकड्यांवर जातं आणि त्यांना खातं. जेलकोटची चमक मारतं, आणि जिथे आधीच टवका उडालाय तिथे आत शिरतं. फारच हट्टी चकती असेल तर भरपूर पाण्यात थोडंसं ॲसिड, कापसाच्या बोळ्याने फक्त त्या चकतीवर, मिनिटभर, आणि लगेच बादलीभर पाणी. हातमोजे आणि गॉगल घालूनच. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेलं काहीही त्याच्या आसपाससुद्धा आणू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बोटीखाली वाकून बसलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

आता पिवळा पट्टा. ती घाण नाही, डाग आहे, म्हणून साबणाने कितीही घासला तरी जात नाही. खाडीच्या पाण्यात कुजलेल्या पाल्याचा, खारफुटीच्या सालीचा रंग उतरलेला असतो, गाळात लोह असतं. दोन्ही मिळून जेलकोटच्या सूक्ष्म छिद्रांत बसतात. पितळेच्या तांब्याला चिंच लावली की तो उजळतो ना, तसंच इथे लागतं ऑक्झॅलिक ॲसिड. नाव ॲसिडचं असलं तरी ही पांढरी पावडर आहे. मोझॅक आणि मार्बलच्या फरशीला पॉलिश करणारे ती वापरतात, त्यामुळे फरशीवाल्याच्या दुकानात किंवा हार्डवेअरमध्ये मिळते. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम पुरे. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या त्यात भिजवून डागावर चिकटवा, म्हणजे पाणी ओघळून जाणार नाही. सावलीत, दहा-पंधरा मिनिटं. पट्टी उचलाल तेव्हा पिवळा रंग फिका झालेला दिसेल. भरपूर पाण्याने धुवा, हवं तर परत एकदा लावा. गंजलेल्या खिळ्या-बोल्टांखालचे तांबडे ओघळही यानेच जातात. पावडर विषारी आहे. मिसळताना तोंडावर फडकं बांधा, आणि उरलेली पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवायचा मूर्खपणा कुणाला करू देऊ नका.

पाण्याच्या रेषेच्या वरचा भाग मग रबिंग कंपाउंड आणि वॅक्सने उजळून घ्या. वॅक्स धरलेल्या जेलकोटवर पुढच्या वर्षी डाग कमी बसतो. रेषेखाली मात्र वॅक्स नको, तिथे रंग लागायचा आहे.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही ते. हे सगळं अलिबागलाच करा, दाभोळला आणून नको. आणि खरवडलेलं खाडीत टाकू नका.

मुंबईच्या बंदरात अमेरिकेच्या कॅरिबियन बाजूचा एक छोटा शिंपला ठाण मांडून आहे, मायटिलॉप्सिस सॅली नावाचा. आपल्या किनाऱ्यावर तो जहाजांबरोबर पोचला. विशाखापट्टणमलाही आहे. १९९९ मध्ये हाच शिंपला ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या बोटींच्या गोद्यांमध्ये सापडला, तेव्हा तिथल्या सरकारने त्या गोद्या बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतला आणि तो मारला. तिथे दरवाजे बंद होणाऱ्या गोद्या होत्या म्हणून जमलं. दाभोळच्या वाशिष्ठी खाडीला दरवाजा नाही. तुमच्या बोटीच्या तळाला तो असेलच असं नाही, पण इंजिनाच्या पाणी खेचणाऱ्या जाळीत, दोराच्या गाठीत, बोटीच्या आत तळाशी साचलेल्या पाण्यात असलं काही लपून येतं. तेवढं सगळं तिकडेच धुऊन, कोरडं करून मग ट्रकवर चढवा.

खरवड ताडपत्रीवर पाडा. तिच्यात शिंपल्यांबरोबर जुन्या रंगाचे पोपडे असतात, आणि तो रंग मुळातच जीव मारण्यासाठी बनवलेला असतो. पूर्वी या रंगात टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग घालायचे. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत १९७०च्या दशकात त्याने कालवांची पैदास बसली, कवचं वेडीवाकडी जाड झाली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर तो बंद केला आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी आली. आताच्या रंगात बहुतेक तांबं असतं. ते त्यामानाने बरं, पण कालवांना ते सोसत नाही. आमच्याकडे ओहोटीला बायका कोयती घेऊन ज्या खडकांवर कालवं पाडायला जातात, त्याच खडकांच्या वरच्या अंगाला लोक बोटी खरवडतात. हे बघून माझा जीव तुटतो. म्हणूनच जुना रंग कोरडा घासायचा नाही. धूळ तुमच्या फुप्फुसात जाते आणि उरलेली खाडीत. पाणी मारूनच घासा, चिखल ताडपत्रीवर गोळा करा, पोत्यात भरा आणि कचऱ्यात द्या.

लाकडी होडी असती तर गोष्ट निराळी होती. आजोबा उधाणाच्या भरतीला होडी वर घ्यायचे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास होडी पुळणीवर चढवायची, पाणी उतरलं की तळ खरवडायचा, सुक्या झावळ्या पेटवून तळाला शेक द्यायचा म्हणजे लाकडातला किडा मरतो, मग चुना आणि तेल कालवून लेप. कुणी जुना माणूस तुम्हालाही झावळ्यांचा शेक द्यायला सांगेल. प्रेमाने सांगेल, पण फायबरला आग दाखवू नका.

राहिला रंग. बोट रोज वर ओढून ठेवणार असाल तर तळाच्या रंगाची गरजच नाही, गोड्या पाण्याने धुतलं की झालं. खाडीत नांगरून ठेवणार असाल तर लागेल. आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर तळाच्या रंगाचे दोन हात. पाण्याच्या रेषेला आणि नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, तिसरा, कारण तिथे पाणी जास्त घासतं. इंजिनाच्या पायाला तांबं असलेला रंग कधीही लावू नका. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. किडा आला नाही, शिंपले धरले नाहीत, पण दोन वर्षांनी पाहतात तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे झिजून गेलेले. खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारी ॲल्युमिनियमचंही तेच होतं. इंजिनाला लावलेले जस्ताचे तुकडे तर रंगवायचेच नाहीत, झिजण्यासाठीच ते लावलेले असतात.

पावसाळ्याचं गणित असं बसवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बऱ्याच प्रवासी बोटीही बंद, तुमची बोट झाप घालून शाकारलेली असेल. घासणं-धुणं मेमध्येच उरकायचं. रंग मात्र घाईने जूनआधी लावून ठेवू नका. दोन महिने हवेत राहिला की बऱ्याच रंगांचा जोर कमी होतो. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की तळ कोरडा करून लावा, आणि बोट पाण्यात लोटण्याआधी डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या.

आणि टेकूंखालची जागा विसरू नका. बोट टेकूंवर असते, सगळीकडे रंग लागतो, फक्त टेकू जिथे लागलेत तिथे हातभर चौकोन कोरे राहतात. रंग सुकला की टेकू एक-एक करून वीतभर सरकवा आणि ते चौकोनही रंगवा, दोन हात, बाकीच्या तळासारखेच. दिवाळीनंतर बोट वर काढाल तेव्हा पहिले बार्नॅकल नेमके तिथेच बसलेले सापडतात.