चाचणीआधी मुलाचं ऐका

सर, तुम्ही शाळेत नवे आहात, पहिल्याच महिन्यात गूगल फॉर्मवर चाचणी घ्यायची घाई करू नका. आपल्याकडे बहुतेक घरांत फोन एकच, तोही बापाच्या खिशात वावरात जातो. रात्री उत्तरं थोरला भाऊ भरतो आणि गुण धाकटीला मिळतात.

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, म्हणजे मुलाला एकाच लेखी परीक्षेवर न तोलता वर्षभर वेगवेगळ्या प्रकारे तपासत राहणं. त्यातलं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक नुसतं नोंदवहीत भरू नका, खरंच करा. माझ्या तिसरीतली एक मुलगी लेखी वजाबाकीत अडायची. कापूस वेचणीचे किलो आणि मजुरी मात्र तोंडी चोख सांगायची. गणित येत होतं, मांडणी येत नव्हती. तिच्या कोऱ्या पेपरातून हे मला कधीच कळलं नसतं. वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहिलेल्यांना शून्य टाकू नका, आल्यावर तोंडी विचारा. वऱ्हाडीत उत्तर दिलं तरी ते उत्तरच आहे.

फोन वापराच, पण वाचन रेकॉर्ड करायला. जूनअखेरचं आणि दिवाळीनंतरचं वाचन मुलाला पाठोपाठ ऐकवा, त्याचा चेहरा बघा! फक्त त्याआधी आईबापाला विचारा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. आणि गुणांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकू नका.