ज्येष्ठ नागरिकांसाठीचा आराखडा कोठून सुरू करावा?

आपण विचारले आहे की, आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थेने ज्येष्ठ नागरिकांसाठी पाच वर्षांचा आराखडा करायला घेतला आहे, आपण त्यासाठीच्या नागरिक समितीचे सदस्य आहात आणि पहिल्याच बैठकीत विरंगुळा केंद्राची नवी इमारत बांधण्याचा प्रस्ताव आला आहे; तर सुरुवात तेथूनच करावी का? मी नगरनियोजनात बरीच वर्षे काम करते आणि असे दोन आराखडे तयार करण्यात माझा सहभाग होता. त्या अनुभवावरून सांगते की, इमारतीपासून सुरुवात करू नका. ज्येष्ठ व्यक्तीच्या घराचे दार आणि तिला हवी असलेली सेवा यांच्यामधली वाट आधी तपासा. ती वाट तुटलेली असेल, तर उत्तमात उत्तम केंद्रही ज्यांचे पाय अजून धड आहेत त्यांच्याच उपयोगाचे ठरते.

पहिल्या आराखड्याच्या वेळी मी एका आजींबरोबर त्यांच्या घरापासून नागरी सुविधा केंद्रापर्यंत चालत गेले होते. नकाशावर ते अंतर साडेचारशे मीटर होते आणि आमच्या निकषांत ते ‘चालत जाण्याजोगे’ म्हणून बसत होते. आजी थोड्या थोड्या वेळाने थांबत होत्या. विजेच्या एका खांबाला हात टेकून त्या म्हणाल्या, “या खांबापाशी आले ना, की मी ठरवते, पुढे जायचं की घरी परतायचं.” पुढे एका फाटकासमोर पदपथ एकदम खाली उतरत होता; तेथे त्यांनी आधी काठी टेकवली, मग उजवा पाय ठेवला आणि माझा खांदा धरून डावा पाय खाली घेतला. केंद्रातील खिडकी इतकी खाली होती की बोलण्यासाठी त्यांना कमरेतून वाकावे लागले, आणि काचेपलीकडचे बोलणे त्यांना नीट ऐकू येत नव्हते. एका कागदाची छायाप्रत कमी आहे, उद्या या, असे त्यांना सांगण्यात आले. त्या पुन्हा गेल्या नाहीत. काही महिन्यांनी मी नोंदवही पाहिली, तेव्हा त्यांचा अर्ज ‘अर्जदार परत आले नाहीत’ असा शेरा मारून बंद करण्यात आला होता. तो शेरा वाचून मला फार अपराधी वाटले, कारण त्या का आल्या नाहीत हे मला ठाऊक होते आणि आमच्या मसुद्यात त्याविषयी एक ओळही नव्हती.

वाट तपासायची म्हणजे काय, ते सिग्नलच्या उदाहरणावरून लक्षात येईल. रस्ता ओलांडणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा, हे ठरवताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. त्या हिशेबाने १२ मीटर रुंदीचा रस्ता १० सेकंदांत ओलांडला जातो. परंतु काठी घेऊन सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या व्यक्तीला १५ सेकंद लागतात, म्हणजे दिवा बदलतो तेव्हा ती अजून चार मीटर रस्त्यातच असते. सिंगापूरने २००९ पासून यावर एक साधा उपाय केला: ज्येष्ठांनी आपले सवलत कार्ड सिग्नलच्या खांबावरील यंत्राला लावले की, रस्त्याच्या रुंदीनुसार काही सेकंद वाढवून मिळतात. बाकांचेही तसेच आहे. बाकाला पाठ आणि हात हवेत, कारण गुडघे दुखणारा माणूस हातांवर भार देऊनच उठतो. बैठक फार खोलगट किंवा फार खाली असेल, तर तो त्यावर बसतच नाही. आणि वाटेत स्वच्छ, उघडे प्रसाधनगृह नसेल तर अनेक जण, विशेषतः स्त्रिया, बाहेर पडणेच टाळतात. ही गोष्ट जाहीर बैठकीत कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून ती एकेकाला विचारावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वयस्नेही शहरांविषयी, म्हणजे ज्येष्ठांना सहज राहता-वावरता येईल अशा शहरांविषयी, मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिची पद्धत मला आजही महत्त्वाची वाटते. ती तयार करताना ३३ शहरांतील ज्येष्ठांशी गटागटाने चर्चा करण्यात आली आणि त्यांच्या सांगण्यातून आठ विषय पुढे आले: मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घरे, सामाजिक सहभाग, आदर व सामावून घेणे, नागरी सहभाग व रोजगार, माहिती आणि संपर्क, तसेच आरोग्य व आधारसेवा. आपण मात्र आठही विषय एका वर्षात हाती घेऊ नका. त्यातून आठ उपसमित्या आणि त्यांची इतिवृत्ते तयार होतात, रस्त्यावर एक बाकही वाढत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे, तो म्हणजे जे घराबाहेर पडतच नाहीत त्यांचा. हरकती व सूचना मागवल्या की लिहिणारे-बोलणारे ज्येष्ठ येतात आणि त्यांच्या मागण्या रास्तही असतात. पण अंथरुणाला खिळलेली व्यक्ती, ऐकू न येणारी व्यक्ती, किंवा आजारी जोडीदाराला सोडून तासभरही बाहेर जाऊ न शकणारी व्यक्ती त्या सभागृहात कधीच नसते. डेन्मार्कमध्ये ज्येष्ठ नागरिकांना प्रतिबंधक गृहभेट, म्हणजे अडचण वाढण्याआधीच घरी जाऊन केलेली विचारपूस, देऊ करणे नगरपालिकांवर कायद्याने बंधनकारक आहे. भेट नाकारण्याचा अधिकार नागरिकाला असतो, परंतु विचारण्याची जबाबदारी पालिकेची असते. जपानमध्ये २००० साली दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू झाला, त्यात विमा चालवणारी संस्था म्हणून शहर, नगर किंवा गाव यांचे स्थानिक प्रशासनच उभे असते. वयाच्या ४० व्या वर्षापासून नागरिक हप्ता भरतात, आणि प्रत्येक पालिकेला दर तीन वर्षांनी किती जणांना कोणती सेवा लागेल याचा अंदाज बांधून त्याप्रमाणे ६५ वर्षांवरील नागरिकांचा हप्ता ठरवावा लागतो. गरज आणि पैसा यांची चर्चा एकाच टेबलावर होते, हे मला त्या व्यवस्थेचे मोठे बळ वाटते. आपल्याकडे कायद्याची तशी चौकट नसली, तरी गृहभेटी सुरू करण्यापासून आपल्याला कोणी अडवत नाही.

खर्चाच्या बाबतीत एवढेच सांगते की, इमारतीसाठी एकदा निधी मिळतो. पण दार उघडणारा कर्मचारी, गृहभेटीला जाणारी परिचारिका, त्यांचे वाहन आणि दुरुस्ती यांसाठी दरवर्षी तरतूद लागते. या आवर्ती खर्चाचे स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात वेगळी नोंद, नसेल, तर त्या प्रस्तावाला संमती देऊ नका.

अर्ज केवळ ऑनलाइन नकोत, हेही आग्रहाने मांडा. वयानुसार बोटांवरील रेषा झिजतात आणि अनेकदा ठसे जुळत नाहीत. मोबाइलवर आलेला संकेतांक (ओटीपी) वाचून भरेपर्यंत त्याची मुदत संपते. म्हणून माणूस बसलेली एक खिडकी कायम ठेवावी, तेथे अर्जदाराला समोर खुर्ची द्यावी आणि नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला प्रतिनिधी म्हणून अर्ज देण्याची मुभा असावी.

पुढील बैठकीसाठी प्रशासनाकडून एकच गोष्ट मागवा: गेल्या वर्षभरात ज्येष्ठांचे जे अर्ज अपूर्ण म्हणून बंद झाले त्यांची यादी. समितीतील दोघा-दोघांनी त्यातील काही घरी, संमती घेऊन, जावे आणि त्या व्यक्तीबरोबर, ती निघते त्या वेळी आणि तिच्याच चालीने, कार्यालयापर्यंत चालावे. ती कोठे थांबली, कशाला धरले आणि कोठून परत फिरली, हे नकाशावर नोंदवा. इमारतीच्या प्रस्तावावर त्यानंतर चर्चा करा.