वाचकांचे प्रश्न : विद्यापीठ ग्रंथालयात वाट शोधताना

प्रश्न : मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते. ग्रंथालयाच्या संगणकावर पुस्तक ‘उपलब्ध’ दिसते, त्याचा क्रमांकही मी टिपून घेते. पण कपाटापाशी गेल्यावर ते मिळत नाही. परवा ५३०.१२ या क्रमांकाचे पुस्तक मी ५३०.४च्या पुढच्या फळ्यांवर अर्धा तास शोधले आणि हात हलवत परत आले. माझे काय चुकते?

उत्तर : तुम्ही क्रमांक लिहून पाठवलात हे फार चांगले केलेत, कारण चूक त्यातच आहे. दशांश चिन्हानंतरचे आकडे ‘बारा’ आणि ‘चार’ असे पूर्णांकांसारखे वाचायचे नसतात; ते एकेक करून वाचायचे असतात. एक हा चाराच्या आधी येतो, म्हणून ५३०.१२ हे ५३०.४च्या आधी, म्हणजे डावीकडे असते. फळीवरचा क्रम ५३०.०९२, ५३०.१२, ५३०.४, ५३०.४१ असा लागतो. तुम्ही अर्धा तास उजवीकडे शोधत होतात आणि पुस्तक बहुधा डाव्या हाताच्या फळीवर होते. ही चूक इतक्या जणांची होते, की नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय दाखवताना मी सर्वांत आधी हेच सांगतो.

हा क्रमांक म्हणजे पुस्तकाचा पत्ता आहे. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात सगळे ज्ञान दहा मुख्य वर्गांत विभागलेले आहे. त्यात ५०० हा निसर्गविज्ञान आणि गणिताचा वर्ग, ५३० हे भौतिकशास्त्र आणि ५३०.१२ हे पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स. काही ग्रंथालये एस. आर. रंगनाथन यांची १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली द्विबिंदू पद्धती वापरतात, तर काही ठिकाणी अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक असतात. पण विषयाने जवळची पुस्तके जागेनेही जवळ ठेवायची, हा हेतू सर्वत्र सारखाच असतो. पुस्तकाच्या कण्यावरची चिठ्ठी नीट पाहा. वरच्या ओळीत वर्गांक असतो आणि त्याखाली बहुधा लेखकाच्या नावावरून केलेली अक्षरे किंवा आकडे असतात. एकाच वर्गांकाची चाळीस पुस्तके असली, की खालची ओळच तुम्हाला नेमक्या पुस्तकापर्यंत पोहोचवते. म्हणून क्रमांक टिपताना तो अर्धा टिपू नका. त्याच्या आधी एखादे अक्षर असेल तर तेही घ्या. ते बहुतेक वेळा संदर्भ विभाग, प्रबंध किंवा मोठ्या आकाराची पुस्तके अशी वेगळी जागा दाखवते, आणि ते पुस्तक सर्वसाधारण कपाटात कधीच सापडणार नाही.

क्रमांक बरोबर वाचूनही पुस्तक मिळाले नाही, तर ‘उपलब्ध’ या शब्दाचा अर्थ लक्षात घ्या. ते कोणाच्या नावावर दिलेले नाही, एवढेच संगणकाला ठाऊक असते. ते एखाद्या वाचकाच्या टेबलावर उघडे असू शकते, परत आलेल्या पुस्तकांच्या ढकलगाडीवर असू शकते किंवा चुकीच्या फळीवर गेलेले असू शकते. आजूबाजूच्या आणि वरखालच्या फळ्या पाहा, ढकलगाडीवर नजर टाका, आणि तरीही नसेल तर देवघेव विभागात तसे सांगा. शोधून ठेवणे हे तेथील कर्मचाऱ्यांचे कामच आहे, आणि सांगितल्याशिवाय ते पुस्तक हरवले आहे हे कोणाला कळणारही नाही. एक कळकळीची विनंती : चाळून झालेले पुस्तक स्वतः फळीवर ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. एका फळीने चुकलेले पुस्तक पुढच्या वाचकासाठी नसल्यासारखेच असते.

प्रश्न : लहान मुलांच्या भावनिक अडचणींवर मला लघुप्रबंध लिहायचा आहे. मानसशास्त्राच्या कपाटातली पुस्तके पाहून झाली. ती फारच थोडी आहेत. आमच्या ग्रंथालयात या विषयावर साहित्यच नाही असे समजावे का?

उत्तर : मुळीच समजू नये. तुमचा विषय एका कपाटात मावणारा नाही. ड्यूईच्या पद्धतीत बालमानसशास्त्र १५५.४ येथे, शैक्षणिक मानसशास्त्र ३७०.१५ येथे आणि मानसिक विकार वैद्यकाखाली ६१६.८९ येथे येतात. ही तीन कपाटे मोठ्या ग्रंथालयात तीन वेगळ्या मजल्यांवरही असू शकतात. कपाटासमोर उभे राहून पुस्तके चाळण्याचा आनंद मी कोणाला सोडायला सांगणार नाही, पण केवळ त्यावर विसंबून राहिल्याने चांगल्या अभ्यासकांचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. संगणकावर एक उपयुक्त पुस्तक शोधा, त्याच्या नोंदीत दिलेला विषय-शीर्षकाचा दुवा दाबा, म्हणजे त्याच विषयाची इतरत्र ठेवलेली पुस्तकेही समोर येतील.

त्यानंतर संदर्भ ग्रंथपालांना अवश्य भेटा. ‘मुलांवर काही आहे का?’ असे न विचारता कोणत्या वयाची मुले, कोणती अडचण, काय वाचून झाले आहे आणि लेखन केव्हा द्यायचे आहे, हे सांगा. प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर नेमके. पुस्तक त्या ग्रंथालयात नसेल, तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून ते किंवा त्यातील प्रकरणाची प्रत मागवता येते का, हेही तेथेच विचारा. त्याला वेळ लागतो, म्हणून मागणी लवकर नोंदवा.

प्रश्न : संशोधनपत्रिकेतला लेख ग्रंथालयात बसल्यावर उघडतो, घरी मात्र पैसे मागतो. असे का होते?

उत्तर : प्रकाशकाचे संकेतस्थळ तुम्हाला ओळखत नाही, ते विद्यापीठाचे इंटरनेट जाळे ओळखते. घरून थेट त्या संकेतस्थळावर गेलात, की तुम्ही त्याच्या लेखी अनोळखी वाचक असता. सुरुवात ग्रंथालयाच्या संकेतस्थळापासून करा आणि बाहेरून वापरासाठीच्या दुव्यावर तुमच्या खात्याने प्रवेश घ्या; बहुतेक विद्यापीठांत ही सोय असते. ज्या लेखाचे शुल्क विद्यापीठाने आधीच भरले आहे, त्यासाठी विद्यार्थ्याने स्वतःचे पैसे भरावेत याचे मला मनापासून वाईट वाटते. जुन्या वर्षांचे अंक ऑनलाइन नसतील, तर नियतकालिक विभागात पाहा. चालू अंक तेथे दर्शनी मांडणीवर असतात, जुने वर्षवार बांधून खंडांच्या रूपात ठेवलेले असतात. खंड मागताना पत्रिकेचे नाव, खंड क्रमांक, वर्ष आणि पृष्ठे एकाच चिठ्ठीवर लिहून न्या.

प्रश्न : आम्ही चौघे मिळून अभ्यास करतो. वाचनकक्षात हळू बोललो तरी लोक रागावतात. मग बसायचे कुठे?

उत्तर : वाचनकक्षात तुमची कुजबुजही शेजाऱ्याला स्पष्ट ऐकू येते, त्यामुळे त्यांचा राग रास्त आहे. गटचर्चेसाठी वेगळी खोली आहे का, हे प्रवेशद्वाराजवळच्या मजल्यांच्या नकाशावर पाहा. असल्यास ती बहुधा ठरावीक तासांसाठी आधी नोंदवावी लागते. परीक्षेच्या आठवड्यात ती लवकर भरते, तेव्हा चौघांपैकी एकाने नोंदणीची जबाबदारी घ्यावी. आणि जाणे रद्द झाले तर नोंदही त्याच दिवशी रद्द करावी, म्हणजे ती जागा दुसऱ्या गटाला मिळेल.